तुम्ही विचारलंत म्हणून : अंगावर पिणारं बाळ आणि रात्रीची झोप

"अजून अंगावरच पितो ना? मग तू रात्री झोपतेस कधी?" डिचोलीच्या बाजारात, लग्नघरात, लसीच्या रांगेत इतक्या जणींनी विचारलंय की शेवटी लिहूनच टाकते. मुलगा नऊ महिन्यांचा आहे आणि आजही रात्री एकदा उठतो, हे आधी सांगते.

पहिल्याच महिन्यात शेजारच्या काकींनी निदान केलं होतं, "भुरग्याचें पोट भरना गो." दूध पातळ आहे, डबा सुरू कर, असा त्याचा अर्थ. पोट भरत होतं. दिवसाला सहा-सात लंगोट ओले व्हायचे, वजन वाढत होतं. आईचं दूध लवकर पचतं आणि तान्ह्याचं पोट ते केवढंसं! शिवाय दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. सुरुवातीलाच रात्रीचं पाजणं तोडलं तर दूधच आटायची भीती.

तिसऱ्या महिन्यात मी कॅलेंडरच्या मागे त्याच्या झोपेच्या वेळा लिहायला लागले. चार दिवसांत चोरी सापडली. साहेबांची सगळ्यात लांब झोप संध्याकाळी सात ते अकरा! तेवढ्या वेळात मी भांडी घासायची, चणे भिजत घालायची, मग उगाच फोन बघत बसायची. अकराला पाठ टेकली की हा जागा.

मग मी आठलाच झोपायला लागले. हे सासूबाईंच्या पचनी पडायला आठवडा गेला. जत्रेत रात्रभर दशावतार बघायला आमचं अख्खं घर जागतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. सून आठला झोपली की घराण्याची चर्चा! पण ओट्यावरची भांडी नवऱ्याने घेतली आणि मला सलग तीन तास मिळाले. कुणीतरी सुचवलं होतं, दहा-साडेदहाला झोपेतच पाजून घे, पुढची झोप लांबते. काही बाळांना ते जमत असेल. आमचा टक्क जागा होऊन खेळायला लागला, म्हणून सोडून दिलं.

खरा घोळ दुपारी होता. मे महिन्यातला उकाडा, खिडक्या बंद, वर पंखा. हा तीन-तीन तास झोपायचा आणि दिवसाचं राहिलेलं दूध रात्री वसूल करायचा. दोन तासांनी उठवून उजेडात पाजायला लागले. संध्याकाळी पाचपासून दर अर्ध्या तासाने मागायचा, तेव्हा न मोजता दिलं. रात्री मात्र बारीक दिवा, बोलणं नाही, शी केली तरच लंगोट बदलायचा. बाळाचं दिवस-रात्रीचं घड्याळ दोन-तीन महिन्यांनी बसायला लागतं. रात्रीच्या दुधात झोप आणणारं मेलाटोनिनही असतं. पाच महिन्यांचा होईपर्यंत झोप हळूहळू सरकत दहा ते अडीचवर आली.

एक मात्र कळकळीने सांगते. कितीही दमलात तरी सोफ्यावर पाजता पाजता डुलकी घेऊ नका. बाळाला कडक गादीवर उताणंच झोपवा, उशी नको.

आणि नाचणी? सहा महिने पूर्ण झाल्यावर सासूबाईंनी हौसेने तिझान, म्हणजे नाचणीची पेज, केली. "आज बघ, सकाळपर्यंत हूं की चूं करायचा नाही." वाटी चाटूनपुसून संपवली पठ्ठ्याने. त्या रात्री तीनदा उठला.