बोअरच्या पाण्यातले बावीस टॉवेल

फेब्रुवारी, दुसरा रविवार

दिवाळीत स्वतः मशीननं पॉलिश केलेलं बॉनेट आज दुपारच्या उन्हात बघितलं आणि मटकन खालीच बसलो. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्यानं जाळं विणल्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे. तीन महिन्यांत! गाडी काळी, तीही लातुरात, म्हणजे ओरखडे येणार हे मला मान्य आहे. पण या तीन महिन्यांत तिला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. वॉशिंग सेंटर बंद. घरच्यांना फडकं मारायला बंदी. अण्णा एकदा खांद्यावरच्या पंच्यानं धूळ झटकायला निघाले तर मी असा ओरडलो की ते दोन दिवस गाडीत बसले नाहीत. मग हे जाळं विणलं कुणी?

गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. आपल्या डोक्यावरचा केस सहसा त्याहून जाड भरतो. पॉलिश केलं की त्यातलाच थोडा थर घासून निघतो. म्हणून ‘परत पॉलिश मारू’ हा उपाय गुळाच्या ढेपेसारखा आहे, रोज खडा फोडला तर ढेप संपणारच.

संध्याकाळी सगळे मायक्रोफायबर टॉवेल ओट्यावर मांडले. बावीस भरले. स्टीलच्या ताटात चमचाभर पाणी सांडलं आणि एकेका टॉवेलाचा कोपरा नुसता टेकवला, दाबला नाही. चांगला टॉवेल पाणी लगेच ओढून घेतो. माझ्या बावीसपैकी चौदांनी ते पुढं ढकललं. हातात घेतले तर तळहाताच्या भेगांत अडकतही नव्हते. मायक्रोफायबर जिवंत असला की कोरड्या हाताला कसा चिकटतो, अंगावर शहारा येतो, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आई भाकरी थापत होती. तिकडूनच म्हणाली, “ते होय? मीच उकळून दिलते की संक्रांतीच्या आधी. मेणचट वास मारायलते लई.”

आठ टॉवेल. चुलीवरच्या पातेल्यात, धुण्याचा सोडा टाकून, अण्णांच्या धोतराला देतात तशी भट्टी.

फेब्रुवारी, त्याच आठवड्यात

आईनं नेमकं काय झालं ते विचारलं, म्हणून तिला मोसंबी आडवी कापून दाखवली. मायक्रोफायबरचा एक धागा आडवा कापला तर असाच दिसतो. फोडी पॉलिस्टरच्या आणि मधला गर, पडदे पॉलिअमाइडचे, म्हणजे नायलॉनचे. कारखान्यात त्या फोडी सुट्या करतात, मग एकाच धाग्याला ढीगभर धारदार कडा आणि मध्ये फटी तयार होतात. धूळ त्या फटींत उचलली जाते, पाणीही तिथंच शिरतं. लेबलवर ८०/२० किंवा ७०/३० लिहितात ते या दोघांचं प्रमाण.

आता उकळण्याचं. पॉलिस्टर वितळतं २५० अंशांच्या पुढं, त्यामुळं पातेल्यात काही ते वितळलं नाही. पण ७०-८० अंशांच्या वर ते नरम पडायला लागतं, आणि त्या अवस्थेत दाबून पिळलं की थंड होताना तेच वळण धरून बसतं. उभे असलेले मऊ फासे आडवे झाले, गुंतले.

दुसरी भानगड आमच्या पाण्याची. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्यासाठी आई फिल्टरचं पाणी वेगळं ठेवते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात साबणाला फेसही येत नाही, कारण दोन्हीकडं एकच, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. असं जड पाणी उकळलं की त्यातला चुना सुटतो. आपल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. वर सोडा टाकला की आणखी सुटतो. धोतराला हे खपून जातं, दोनदा आपटलं की झालं. टॉवेलात मात्र तो चुना फोडींच्या फटीत जाऊन बसला. म्हणजे मी तीन-चार रविवार गाडीवर बारीक खडूची पूड लावलेलं फडकं फिरवत होतो. खडू काही क्लिअर कोटला फार ओरबाडत नसेल. पण फटीच बुजल्यावर रस्त्याची कच उचलून आत घ्यायला टॉवेलात जागा उरत नाही, ती वरच राहते आणि हाताबरोबर फरफटत जाते. आपली काळी माती तशी मऊ चिकणमाती आहे. रंग खातो तो तिच्यात मिसळलेला काळ्या दगडाच्या खडीचा चुरा, आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या हंगामात औसा रोडला त्याची काय कमी.

इथं थांबलो असतो तर सगळा दोष आईच्या माथी गेला असता. पण उकळलेले आठच होते. पाणी ढकलणारे उरलेले सहा माझे. कपडे मऊ व्हावेत, वास यावा म्हणून मशीनमध्ये ओततात ते कंडिशनर मी नोव्हेंबरपासून टॉवेलांनाही घालत होतो, मोठ्या हौसेनं. ते धाग्यावर तेलकट अस्तर धरतं. हाताला मऊ लागतं, म्हणून आपण खूश. पाण्याला मात्र दार बंद. काचेवर जे पट्टे उठत होते आणि मी ज्यासाठी काचेचं लिक्विड दोनदा बदललं, ते याच अस्तराचे.

मार्च, होळीच्या आधी

सीडीची चाचणी केली. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर टॉवेल जरा दाबून घासायचा आणि टॉर्चखाली बघायचं. घरात सीडी सापडली ती एकच, आमच्या लग्नाची. प्लेयर विकूनही आठ वर्षं झाली. तरी बायकोनं “तुमच्यासाठी एवढीच किंमत आहे ना तिला” असं म्हणून हातात दिली, म्हणजे परवानगी मिळाली की नाही हे अजून मला कळलेलं नाही.

सीडी पॉलिकार्बोनेटची असते, क्लिअर कोटपेक्षा मऊ. तिच्यावर ओरखडा आला म्हणजे गाडीवर येईलच असं नाही. उलट तिच्यावरही आला नाही, तर त्या टॉवेलाकडून गाडीला भीती कमी, एवढं धरून चालतो.

निकाल मजेशीर लागला. उकळलेल्यांनी ओरखडे काढले, ते अपेक्षितच होतं. पण सगळ्यात खोल रेघ काढली एका नव्याकोऱ्या, ५०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम भरणाऱ्या, महागड्या टॉवेलानं. भिंगातून बघितलं तर लेबल मी कात्रीनं कापलं होतं आणि शिवणीत त्याचं कडक टोक उरलं होतं. लेबल कापू नका. शिवणीचा दोरा उसवून अख्खं काढा. आणि ज्याच्या किनारीला नायलॉनची जाड शिवण आहे तो टॉवेल रंगावर आणूच नका, दरवाज्याच्या फटी पुसायला तो छान.

दुसऱ्या एका टॉवेलात कुसळ निघालं. गच्चीच्या मागं मोकळा प्लॉट आहे, पुरुषभर कुसळी गवत, आणि मी टॉवेल वाळत घालतो त्याच बाजूच्या दोरीवर. सुती कपड्यातलं कुसळ निदान टोचतं तरी, कळतं. मायक्रोफायबरमध्ये ते अंग चोरून झोपतं.

मार्च अखेर

आरओ दुरुस्तीला आलेल्या पोराच्या मीटरवर बोअरचं पाणी मोजून घेतलं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला १,१८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. टीडीएस म्हणजे नेमका जडपणा नव्हे, त्यात मीठही मोजलं जातं, पण डाळीची साक्ष होतीच. आरओतून बाहेर सोडलेलं पाणी टॉवेलांना वापरावं असा विचार मनात आला होता. बरं झालं मोजलं, त्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त.

मग उपचार केले ते असे. कंडिशनरवाले सहा टॉवेल कोमट पाण्यात, हाताला सोसेल एवढ्याच, भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून तासभर भिजवले, चोळून धुतले, परत तेच. तिसऱ्या खेपेला ताटातलं पाणी सहाही जणांनी पिऊन टाकलं.

चुनावाल्यांना किराणा दुकानातलं लिंबूसत्व. पाच लिटर पाण्यात सपाट चमचाभर, अर्धा तास भिजत, मग दोन पाण्यांतून काढायचे. पहिल्याच खेपेला पाणी गढूळ झालं. आठपैकी पाच परत आले. तीन ताठच राहिले, कारण चुना आंबटानं निघतो, वळण धरलेला धागा नाही. त्या तिघांच्या कोपऱ्याला काळा दोरा घातला, आता ते चाकांचे.

एक सावधगिरी. टॉवेल पांढरे करायला कुणी ब्लीच वापरत असेल तर ते बंद करा, नायलॉन कमजोर होतं. आणि ब्लीच व लिंबूसत्व किंवा व्हिनेगर तर एका बादलीत कधीच नाही. क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतेल.

एप्रिल

आता बसलेली घडी अशी. वापर झाला की टॉवेल लगेच बादलीत, वाळू द्यायचा नाही, कारण वाळलेला वॅक्स आणि धूळ दोन्ही हट्टी होतात. रंगाचे वेगळे, काचेचे वेगळे, चाकांचे तर साता जन्मांत एकत्र नाही. सुती कपड्यांबरोबरही नाही. बनियनचा सगळा धुरळा टॉवेल गोळा करून आणतो. पावडरऐवजी लिक्विड, कारण आमच्या पाण्यात पावडर धड विरघळत नाही आणि तिचे कण आत राहतात. सेमी ऑटोमॅटिक मशीनला लोक नावं ठेवतात, पण या कामाला ती झकास आहे. मध्येच थांबवून भिजत ठेवता येतं, आणि रंगाच्या टॉवेलांचं साबणपाणी काढून चाकांच्या टॉवेलांना वापरता येतं. शेवटच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व आणि वर एक साधं पाणी.

वाळवणं घरात, पंख्याखाली. गच्ची बंद. वावटळीच्या दिवसांत दोरीवरचा मायक्रोफायबर म्हणजे आयतं धूळ पकडायचं जाळं. वाळले की झटकून झाकणाच्या डब्यात.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा कडक संरक्षक थर, पुसलेला टॉवेल मी धुतच नाही. ते वाळलं की धाग्यावर काचेसारखं कडक होतं. टाकून देतो. कंजूसपणा बाकी सगळीकडं करा.

मे

टँकरचे दिवस. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर आहे, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. इथं नळी लावून गाडी धुणारा माणूस शेजाऱ्यांच्या मनातून उतरतो, आणि उतरायलाच पाहिजे. म्हणून सध्या रिन्सलेस, म्हणजे वरून पाणी न ओतता बादलीतल्या टॉवेलांनीच पुसून धुणं. सात लिटर पाणी, मापानं लिक्विड, त्यात आठ टॉवेल भिजत. आधी फवाऱ्यानं गाडी ओली करून धूळ सैल करायची. त्यासाठी दोन लिटरचा नवा हातफवारा घेतला. अण्णा त्यांचा तुरीवर मारायचा पाठीवरचा पंप द्यायला तयार होते. तणनाशकाची आठवण करून दिली तर म्हणाले, “मग तर गाडीला गवत उगवायचं नाही.”

टॉवेल दोनदा दुमडला की आठ बाजू मिळतात. एक बाजू एकदाच, सरळ रेषेत, हाताचं वजन न टाकता, छतापासून खाली. आठ संपल्या की टॉवेल बाजूला, तो परत बादलीत बुडवायचा नाही. खाली पडलेला टॉवेल त्या दिवसापुरता गेला. सकाळी साडेसहाच्या आत उरकतो. सातनंतर पत्रा असा तापतो की पाणी पुसायच्या आधीच वाळून क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात.

जुलै

पहिले दोन पाऊस पत्र्यावरची घाण घेऊन वाहून जाऊ दिले, तिसऱ्याचं पाणी दोनशे लिटरच्या टाकीत धरलं. टीडीएस ३०च्या आत. टॉवेल त्यात धुतले तर साबण जाता जाईना इतका फेस. बोअरच्या सवयीनं लिक्विड घातलं होतं, आता निम्मं पुरतं.

मार्चअखेर बॉनेटच्या डाव्या अर्ध्यावर हलकं पॉलिश केलं होतं, उजवा मुद्दाम तसाच ठेवला होता. पंधरा धुण्यांनंतर काल टॉर्च मारला. डावीकडं दोन सरळ बारीक रेघा, जाळं नाही. त्या दोनांपैकी एक मांजराची आहे असा माझा दावा आहे.

बावीसचे एकोणीस कामाला, तीन चाकांना. सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्ताभर भुसकट उडेल, ते टॉवेलातून निघतं का ते तेव्हा बघू.