तुम्ही विचारलंत म्हणून: कुणाला न कळता हेअर ट्रान्सप्लांट, तेही आहेत ते केस राखून

‘डोकं पूर्ण न भादरता, ऑफिसात कळू न देता हेअर ट्रान्सप्लांट होतं का? आणि आहेत ते केस जाणार तर नाहीत ना?’ हे प्रश्न जोडीनंच येतात. होतं, पण केस आखूड असतील तर तयारी काही महिने आधीपासून लागते.

आधी मागचे केस दोन-अडीच इंच वाढवा. मग डॉक्टर त्यांच्याखालचा एखादाच पट्टा भादरून तिथून ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचे छोटे पुंजके, काढतात आणि वरचे केस खाली सोडले की तो झाकला जातो. एफयूटीत, म्हणजे मागच्या कातडीची पट्टीच कापून घेण्याच्या पद्धतीत, पडणारे टाकेही असेच झाकतात, ते 10 ते 14 दिवसांनी निघतात. मात्र पुढे कधी बारीक केस ठेवायचे असतील तर एफयूटीचा रेघेसारखा व्रण दिसेल. केस रंगवत असाल तर काही दिवस आधीच रंगवून घ्या. नंतर साधारण महिनाभर रंग चालत नाही.

खरी अडचण समोरच्या रेषेची. माथ्यावर विरळ केसांच्या मधे ग्राफ्ट लावले तर आजूबाजूचे केस सांभाळून घेतात. कपाळाच्या कडेला झाकायला काहीच नसतं. तिथल्या खपल्या 7 ते 10 दिवसांत पडतात, लाली काही आठवडे रेंगाळते. त्यामुळे समोरचं काम असेल तर किमान 10-12 दिवसांची रजा काढाच. कपाळावरची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यांपर्यंत उतरते. पहिल्या चार-पाच रात्री डोकं उंचावर ठेवून झोपलात तर ती कमी राहते. बर्फ कपाळावर चालेल, ग्राफ्टवर नको.

केस राखलेले असले की धुणं जास्त जिकिरीचं होतं. खपल्या लांब केसांत गुंततात आणि केस ओढला की खपलीसकट ग्राफ्ट निघू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून सौम्य शाम्पूचा फेस हलकेच ठेवा आणि मगाने कोमट पाणी सोडा. शॉवरची धार नको. नख लावू नका, टॉवेलनं घासू नका. विंचरताना रुंद दातांचा कंगवा घ्या, केस मधे चिमटीत धरून फक्त टोकं सोडवा. दात टाळूला लागता कामा नयेत. आठव्या-नवव्या दिवसापासून फेस दहा मिनिटं ठेवून बोटांच्या पेरांनी गोल फिरवलं की मऊ झालेल्या खपल्या आपणहून सुटतात. ग्राफ्ट उपटून रक्त आलं तर स्वच्छ गॉजनं दाबून धरा आणि डॉक्टरांना कळवा. पू, ताप किंवा वाढतं दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा.

दुचाकीवाल्यांनी हेल्मेटचा विचार आधीच करावा. ते घालता-काढताना ग्राफ्ट घासतात, म्हणून डॉक्टर परवानगी देईपर्यंत रिक्षा किंवा बस. बिनहेल्मेट गाडी हा त्यावरचा उपाय नव्हे. सैल टोपी चालते, पण तीही विचारून.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले केस गळतात, तेव्हा घाबरू नका. मूळ आत असतं, तीन-चार महिन्यांनी नवा केस येतो आणि पूर्ण निकाल वर्षभरानं कळतो. आजूबाजूचे जुने केसही धक्क्यानं गळू शकतात. त्यांतले धडधाकट बहुतेक परत येतात, पण टकलामुळे आधीच बारीक झालेले काही कायमचे जातात. म्हणून दाट केसांत आणखी ग्राफ्ट कोंबायचा हट्ट धरू नका. तिथे चिरा देताना चांगली मुळंही कापली जातात.

शिवाय ट्रान्सप्लांटनं टक्कल पडणं थांबत नाही. जुने केस टिकवायला टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल आणि पुरुषांना बहुधा फिनास्टेराइडची गोळी लागते, तेही वर्षानुवर्षं. फिनास्टेराइडचे लैंगिक दुष्परिणाम काहींना होतात, ते आधी विचारून घ्या. मिनॉक्सिडिल शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस थांबवायला सांगतात. ते परत कधी सुरू करायचं, ही तारीख लिहूनच घ्या, कारण बरेच जण ते विसरतात आणि मग जुने केस विरळ होतात. न भादरता काम करायला वेळ आणि हात दोन्ही लागतात. चिरा कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार आणि त्यांची पदवी काय, हे पैसे भरण्याआधी विचारा.