तुम्ही विचारलंत म्हणून: तो हात मी का सोडला

हात का सोडलात, हा प्रश्न मला आता माझ्याकडे ज्युदो शिकायला नव्याने दाखल होणाऱ्या मुलींचे पालकही विचारतात. 2011 साली एका राज्यस्तरीय ज्युदो स्पर्धेत, 52 किलो वजनगटाच्या अंतिम लढतीत, प्रतिस्पर्धी मुलीचा हात माझ्या जुजी-गातामेत, म्हणजे कोपर उलटे ताणण्याच्या डावात, पूर्ण सरळ झालेला असताना मी तो सोडला आणि लढत हरले, एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. विचारणाऱ्याच्या मनात दोनपैकी एक समजूत आधीच पक्की असते: एक तर मी फार मोठ्या मनाची आहे, किंवा ऐन वेळी माझे काळीज कचरले. दोन्ही समजुती मी आजवर न खोडता ऐकून घेतल्या. आता मात्र हे सविस्तर लिहायला हवे, कारण मी मुलींना काय शिकवते याच्याशी त्याचा थेट संबंध आहे आणि ऐकीव गोष्टीवरून त्यांनी माझ्याविषयी किंवा या खेळाविषयी मत बनवावे, हे मला मान्य नाही.

आधी हे स्पष्ट करते की मी दमलेली नव्हते आणि माझी पकडही निसटलेली नव्हती. मी एका युकोने, म्हणजे एका छोट्या गुणाने, पुढे होते आणि लढतीची जेमतेम शेवटची मिनिटे उरली होती. तिने उचलण्यासाठी आत शिरण्याचा प्रयत्न केला, तो फसला, ती गुडघ्यांवर आली आणि मी तिचा डावा हात ओढून घेत पाठीवर गेले. तिने दुसऱ्या हाताने स्वतःची बाही घट्ट धरून ठेवली होती. ती पकड सोडवण्यातच बराच वेळ गेला. शेवटी बाही सुटली आणि तिचा हात माझ्या छातीवर सरळ झाला: अंगठा वर, मनगट माझ्या दोन्ही हातांत, कोपर माझ्या ओटीपोटाशी आणि दंड मांड्यांच्या मध्ये. ज्यांनी हा डाव केला आहे त्यांना मी काय सांगते आहे ते कळेल. या स्थितीत करायचे फार थोडे उरते. कंबर जराशी उचलायची आणि समोरची व्यक्ती हार मानल्याची खूण म्हणून दोनदा थाप मारेपर्यंत थांबायचे.

मी कंबर उचलली. तिने थाप मारली नाही. मी आणखी उचलली, तरीही नाही. तिचा मोकळा हात माझ्या पोटरीवर होता, म्हणजे थाप मारायला तिला हात हलवावाही लागला नसता. ती दात आवळून वळायचा प्रयत्न करत होती, आणि कोपर माझ्याकडे अडकलेले असल्यामुळे तिच्या प्रत्येक हालचालीचा भार त्याच सांध्यावर येत होता. मुख्य पंच माझ्या डोक्याच्या बाजूला उभे होते. तिचा चेहरा त्यांना दिसत असावा, कोपर दिसत नसावे. डावाचा परिणाम स्पष्ट दिसला तर थाप न मारताही पंच इप्पोन, म्हणजे लढत तिथेच जिंकून देणारा पूर्ण गुण, देऊ शकतात. त्यांनी ते दिले नाही, आणि त्यांच्या जागेवरून मीही कदाचित दिले नसते. त्यानंतर तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी सरकले. आवाज झाला की नाही हे मला आजही सांगता येत नाही, कारण ते मला कानांनी नाही तर पोटाच्या कातडीला कळले. माझे हात उघडले. ती त्याच क्षणी उलटली, माझ्यावर आली आणि तिने मला योको-शिहो-गातामेत, म्हणजे बाजूने दाबून पाठीवर जखडून ठेवण्याच्या पकडीत, धरले. तेव्हा इप्पोनसाठी 25 सेकंद धरून ठेवावे लागत असे. आता 20 पुरतात. दुखऱ्या कोपरानिशी तिने ते 25 सेकंद मला हलू दिले नाही. ही तिची कमाल होती आणि ती मी कधीच नाकारलेली नाही.

आता त्याविषयी मी पूर्वी काय सांगत असे, ते सांगते. काही वर्षे मी शाळांच्या कार्यक्रमांतून बोलताना म्हणत असे की ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी शक्तीचा सर्वोत्तम वापर आणि परस्परांचे हित ही दोन तत्त्वे दिली, आणि मी त्या दुसऱ्या तत्त्वाला जागले. वाक्य ऐकायला चांगले होते आणि टाळ्याही मिळत. आज त्या वयातल्या मला मी समोर बसवून विचारीन, की बाई, त्या क्षणी तुला कानोंची आठवण तरी आली होती का? तुझे हात उघडले तेव्हा तू काही ठरवलेले होतेस का? ती म्हणेल, की तत्त्व अंगात मुरले की ते आठवावे लागत नाही, रोजच्या सरावात समोरचीने थाप मारताच सोडायची सवय लागते आणि ती सवय म्हणजेच तत्त्व. या उत्तरात तथ्य आहे, हे मी मान्य करते. पण समोरचीने थाप मारलेली नव्हती. मग माझ्या अंगात मुरलेली सवय नक्की कशाला उत्तर देत होती, हे ती मला सांगू शकत नाही आणि मलाही सांगता आलेले नाही.

याउलट जे म्हणतात की मी सोडायला नको होते, त्यांचा आवडता दाखला 1951 सालच्या रिओमधल्या लढतीचा असतो. जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी ब्राझीलचे जिउ-जित्सूपटू हेलिओ ग्रेसी यांचा हात पकडीत पिळला, हाड मोडले तरी ग्रेसींनी हार मानली नाही, किमुरांनी पकड सोडली नाही, आणि शेवटी ग्रेसींच्या बाजूने, त्यांच्या वतीने हार मानत, टॉवेल टाकला गेला. ब्राझीलमध्ये त्या पकडीला आजही किमुरांचे नाव आहे. मी या दाखल्याचा आदर करते, पण त्यात बाजूला टॉवेल घेऊन उभे असलेले माणूस होते, हे सांगणारे विसरतात. माझ्या लढतीत तिच्या वतीने हार मानणारे कोणीही नव्हते. ती स्वतः मानत नव्हती, पंचांना दिसत नव्हते, आणि उरले होते ते फक्त माझे दोन हात. नियमांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मात्र मला अधिक अडचणीत टाकतो. ज्युदोमध्ये बोटे, मनगट, घोटा, गुडघा अशा सांध्यांवरचे डाव एकेक करत स्पर्धेतून काढले गेले आणि केवळ कोपर शिल्लक ठेवले गेले. म्हणजे धोक्याचा विचार करूनच ही रेघ आखलेली आहे आणि मी रेघेच्या आतच होते. थाप मारणे हेही परस्परांच्या हितातले तिचे कर्तव्य होते, ते तिने केले नाही, मग त्याचा भार मी का उचलावा? या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

माझे सर त्या संध्याकाळी दया किंवा कर्तव्य यांविषयी काहीच बोलले नाहीत. त्यांनी मला मॅटवर आडवे केले, स्वतःचा हात दिला आणि पकड घ्यायला सांगितले. मग माझ्या गुडघ्यांवर चापट मारून म्हणाले, "हे उघडे होते. गुडघे मिटलेले असते, तर हात शेवटच्या टोकाला नेऊन तिथेच थांबवता आला असता. तुझ्याकडे मोडणं किंवा सोडणं एवढंच उरलं." त्यांच्या मते तो सगळा प्रसंग तंत्राचा होता; ज्याचे नियंत्रण पक्के, त्याला थांबण्याची सोय असते आणि ज्याचे कच्चे, त्याला आपल्या वागण्याला पुढे तत्त्वाचे नाव द्यावे लागते. हे मला लागले, आणि पुष्कळ काळ मी ते खरे धरून चालले. सरावात मी तासन्‌तास केवळ गुडघे मिटून कंबर बोटभर वर-खाली करत राहिले. आज मला वाटते की सरांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. समोरची स्थिर असेल तर टोकाला थांबता येते. ती स्वतःच त्या टोकाच्या पलीकडे वळत असेल, तर माझे न हलणे हेच तिचे मोडणे ठरते, मग गुडघे कितीही मिटलेले असोत. सरांना मी हे सांगितले आहे. त्यांना ते पटलेले नाही.

सर्वांत अवघड भाग मी आजवर कोणाला फारसा सांगितलेला नाही. बक्षीस समारंभानंतर मी तिच्या कोपराची चौकशी करायला गेले. ती बर्फाची पिशवी बांधून बसली होती. मला वाटले होते की ती आभार मानेल, निदान हसेल. ती म्हणाली, "तू मला जिंकू दिलंस असं आता सगळे म्हणणार. हात माझा होता, मोडायचा की नाही ते मी ठरवलं असतं." मला राग आला. तिचा हात वाचवून तिचेच बोलणे ऐकून घ्यायचे, हे मला असह्य झाले आणि मी काही न बोलता निघून आले. पण तिचे ते वाक्य खोटे ठरवता येत नाही. जे सोने तिने दुखऱ्या हाताने मिळवले, ते लोकांच्या तोंडी माझ्या नावावर गेले, आणि शाळांतली माझी ती भाषणे त्याला कारणीभूत होती. ती भाषणे मी बंद केली.

आज मी प्रशिक्षक आहे आणि माझ्याकडे पहिला धडा थाप मारण्याचा असतो, फेकण्याचा नव्हे. दुखण्याच्या आधी थाप मारायची, आणि सरावात जी मुलगी हट्टाने मारत नाही तिला मी त्या दिवशी मॅटवरून बाजूला बसवते. कोपराच्या डावात झटका द्यायचा नाही, दाब वाढवत न्यायचा, समोरचीला हार मानायला अवधी मिळाला पाहिजे. यात मला कसलाही संभ्रम नाही. संभ्रम स्पर्धेच्या दिवशी सुरू होतो. माझ्या एका विद्यार्थिनीने अंतिम लढतीपूर्वी मला सरळ विचारले, "मॅडम, तिने थाप मारलीच नाही तर?" ती माझ्या तोंडून माझीच गोष्ट ऐकायची वाट पाहत होती. मी तिला म्हणाले, की दाब हळूहळू वाढव, गुडघे मीट, आणि पंच थांबवत नाहीत तोवर धरून ठेव. तिने मान डोलावली आणि ती मॅटवर गेली. लढत पकडीपर्यंत पोहोचलीच नाही, ती फेकीवरच जिंकली, त्यामुळे माझ्या सल्ल्याची परीक्षा झाली नाही.

मी स्वतः जे केले नाही ते तिला का सांगितले, असे तिच्या आईने नंतर विचारले. मी त्यांना सांगितले की जिने थाप मारायची आहे तिचा निर्णय तिच्याकडे राहावा, असे मला आता वाटते, आणि तरीही माझ्या हातात तोच हात पुन्हा आला तर मी तो धरून ठेवीन अशी खात्री मी देऊ शकत नाही. त्या म्हणाल्या, की मग मुलीने नेमके काय शिकायचे? मी त्यांना सरावाला येऊन बसायचे आमंत्रण दिले, आणि त्या आता आठवड्यातून एकदा येऊन बसतात.