प्रिंटचा थर, धाग्यांचा थर

आज दिवसभर लॅबमध्ये, शरीरातल्या पेशींना वाढायला आधार देणारी जाळी बनवायला, एकीकडे थ्रीडी प्रिंटर आणि दुसरीकडे इलेक्ट्रोस्पिनिंग (विजेच्या दाबाने बारीक धागे काढणं), दोन्ही आळीपाळीने चालू होतं आणि मी अजूनही त्याच तंद्रीत आहे.

दोन्हीकडे मटेरियल तेच, पॉलीकॅप्रोलॅक्टोन नावाचं एक प्लास्टिक (पॉलिमर), साधारण ६० डिग्रीला वितळतं आणि शरीरात हळूहळू विघटन होतं. प्रिंटरने त्याची जाळी काढली तर मजबूत होते, वजन पेलते, पण भोकं एवढी मोठी की पेशी त्यातून सरळ निसटतात. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये त्याच पॉलिमरच्या द्रावणाला १०-२० हजार व्होल्ट लावले की केसापेक्षा शंभरपट बारीक धागे निघतात, पेशींना धरायला मस्त, त्यात औषधही भरता येतं, पण नुसता तो पापुद्रा उचलला तर चुरगळतो. म्हणून प्रिंटचा एक थर, वर धाग्यांचा, परत प्रिंट. गरम नोझलमधून पडणारी रेघ खालच्या धाग्यांना जरा वितळवून पकडते, जास्त गरम झाली की धागेच आकसतात, सगळा खेळ तिथेच आहे.

आणि गोव्याचा जून! सॉल्व्हंट (पॉलिमर विरघळवणारा द्रव) उडताना धागा थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर थेंब होऊन बसतो आणि धाग्यावर बारीक छिद्रं पडतात, त्यामुळे डिह्युमिडिफायर बंद करून चालतच नाही. कोरड्या हवेच्या गावातल्या लॅबची रेसिपी इथे जशीच्या तशी चालणार नाही, हे माझं ठाम मत.

नवीन केमिकल शोधण्याइतकंच हे दोन जुन्या प्रोसेस जुळवणं मला महत्त्वाचं वाटतं. उद्या थर ओढून बघायचे, किती घट्ट चिकटलेत ते.