तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"काकू, मागचा एकही दाखला नाही, त्या मुलाला फ्लॅट भाड्याने दिलात कसा?" सोसायटीच्या चेअरमनपासून माझ्या धाकट्या दिरांपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालं. दर वेळी मी विषय बदलला. आज नीट सांगते.

कर्वेनगरचा तो वन बीएचके ही माझी वरकड मिळकत नाही. मला पेन्शन नाही. भाडं थकलं की माझी औषधं थकतात. त्यामुळे "तुमचं मनच मोठं" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. मन मोठं असतं तर तीन वर्षांपूर्वी त्या मुलीला परत पाठवलं नसतं.

ती नर्स होती. २१ वर्षांची, नोकरीला तीन महिने झालेले. एकटीच आली. चपला दाराबाहेर जोडीने लावल्या, सोफ्याच्या कडेला टेकली आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून एकेक कागद काढून टीपॉयवर मांडत गेली. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या तीन स्लिपा, आधारची झेरॉक्स, कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिलचा रिपोर्ट. स्कोअरच्या जागी उणे एक. मला वाटलं, हिने कुणाचं तरी बुडवलंय. "मावशी, मी कधी कर्जच घेतलं नाही, म्हणून तसं येतं," ती म्हणाली. खरंच होतं ते. ३०० ते ९०० हा आकडा कर्जाचा इतिहास असलेल्यांचा. मला हे पुढे बँकेत विचारल्यावर पटलं.

मी म्हणाले, "एकदा आईवडिलांना घेऊन ये." तिने काही न बोलता झेरॉक्सवरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. बालगृहाचा पत्ता. १८ पूर्ण झाल्यावर तिथून निघाली, नंतर अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांसाठीच्या वसतिगृहात, राहून शिकली, आता तिथलीही मुदत संपलेली.

"कळवते" म्हणाले आणि कळवलं नाही. तिचे दोन फोन आले, उचलले नाहीत. तिसरा वेगळ्या नंबरवरून आला म्हणून उचलला. "मावशी, घराचं राहू द्या, मला समजलं. ती आधारची झेरॉक्स तेवढी फाडून टाकाल का? कुणाच्या हाती लागायला नको." मी हो म्हणाले. ती थँक्यू म्हणाली.

तेव्हाची मी अजूनही माझ्याशी वाद घालते. म्हणते, काय चुकलं? भाडं थकलं तर कुणाच्या दारात जायचं? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून भाड्याच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे, पण ती हातात पडेपर्यंत तारखा आणि वकील कुणी सोसायचे? हे मला खोडता येत नाही. एवढंच म्हणते, की पगारातून भाडं कसं भागवशील, हे तू तिला विचारलंसच कुठे? तू तिचं घराणं विचारलंस.

या मुलाचीही पहिलीच नोकरी, सिबिल तसंच उणे एक. आठ महिने कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहिलेला. करार नाही, पावती नाही. म्हटलं, मोबाइल काढ. फोनपेवर खोलीमालकाला आणि खानावळीला दर महिन्याच्या ५-६ तारखेला पैसे गेलेले दिसले. एका महिन्यात मात्र २२. का, ते विचारलं. "पगार लांबला होता, काकू." खानावळीच्या बाईंना फोन लावला. "पैशाला चोख आहे, डबा परत आणायचा विसरतो," त्या म्हणाल्या. पोलीस व्हेरिफिकेशन केलं, करार रजिस्टर केला. ते मी कुणाच्याही बाबतीत सोडत नाही, कारण नोंदणी ही मालकाचीच जबाबदारी आहे आणि लेखी, नोंदवलेला करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं.

चार महिने झाले. तीन भाडी वेळेवर आली, एक १४ तारखेला. पण आधी फोन करून. पुढे थकवणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, पण दिरांनी ती बरोबर हेरली. कराराच्या दिवशी त्याचे वडील रात्रभर एसटीने परभणीहून आले होते. साक्षीदार म्हणून अंगठा त्यांनीच दिला. "वहिनी, ते आले नसते तरी दिला असतात?" दीर विचारतात. मोबाइलवरच्या तारखा आणि खानावळीच्या बाई, सगळं सांगून होतं माझं. या प्रश्नाशी मी थांबते.