भांडणातला तिसरा

पुणे, कोथरूड. शनिवार, रात्रीचे साडेअकरा.

सकाळी थोरल्यांचा फोन आला तेव्हा मी पावसाची सर चुकवत गॅलरीतले कपडे आत घेत होतो. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या आमच्या मासिक सभेत पुढच्या शनिवारी त्यांचे आणि धाकट्याचे अशी दोन व्याख्याने ठरली आहेत. "तो मुलगा बोलणार असेल तर माझं नाव काढून टाका," एवढेच ते म्हणाले आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला. गुडघ्याची आठवण ठेवण्याइतका शिष्टाचार शाबूत होता, यावरूनच राग खरा असल्याचे माझ्या लक्षात आले.

दोघांची नावे इथे लिहीत नाही; वयाने मोठे ते थोरले, लहान तो धाकटा. ज्यांना ती ठाऊक आहेत त्यांना सांगण्याची गरज नाही आणि इतरांचे त्यावाचून काही अडणार नाही.

मूळ मुद्दा चांगला होता. दहा-बारा माणसांच्या कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरचे वीस मायक्रोसर्व्हिसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, तुकडे करणे ही उधळपट्टी आहे, एकसंध प्रोग्रॅम अशा कंपनीला पुष्कळ वर्षे पुरतो, असे थोरल्यांनी महिन्यापूर्वी जाहीरपणे लिहिले. धाकट्याने उत्तर दिले आणि त्याचे पहिले दोन परिच्छेद मला आजही पटतात. एका भागातल्या बिघाडाने सगळेच बंद पडू नये, यासाठी किती किंमत मोजावी याचा तो नेटका हिशेब होता. तिसऱ्या परिच्छेदात मात्र त्याने लिहिले, की गेल्या दहा वर्षांत ज्यांनी रात्री दोन वाजता उठून एकही बंद पडलेला सर्व्हर पाहिलेला नाही, त्यांनी आता आठवणी लिहाव्यात. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत सर्व्हिसेसचा विषय कुणी काढलेला नाही. कोणी कोणत्या साली कुणाच्या हाताखाली काय शिकले, एवढेच चालले आहे.

आज दिवसभर मला १९९२ सालचे भांडण आठवत राहिले, कारण तेही बरेचसे याच प्रश्नावरचे होते. अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी २९ जानेवारीला जाहीर करून टाकले, की लिनक्स ही संगणक चालवणारी नवी प्रणाली कालबाह्य आहे. त्यांच्या स्वतःच्या मिनिक्स या प्रणालीमध्ये फाइल व्यवस्था आणि स्मृतीचे व्यवस्थापन ही कामे कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, बाहेर, स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालत आणि एकमेकांना संदेश पाठवत. लिनक्समध्ये हे सगळे एकाच कर्नलच्या पोटात होते आणि शिवाय ते ३८६ या एका चिपला बांधलेले होते. समोर लिनक्स लिहिणारा हेलसिंकीचा बावीस वर्षांचा विद्यार्थी होता, लिनस टोरवाल्ड्स, जो टॅनेनबॉम यांचेच पुस्तक वाचून आणि मिनिक्स वापरून या विषयात शिरला होता. त्याने त्याच दिवशी तिखट उत्तर दिले. तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझे नशीब समज, या आराखड्याला चांगले गुण मिळाले नसते, असे पुढे प्राध्यापकांनी त्याला सुनावले. शेवटी हसरी खूण होती, पण तेवढी विसरून उरलेले वाक्य लोक आजही सांगतात.

मला त्यातली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिल्या उत्तरानंतर दोन दिवसांतच टोरवाल्ड्स यांनी जाहीर माफी मागितली आणि आभार मानले ते एका तिसऱ्याच माणसाचे, कारण त्याने खाजगी पत्र लिहून 'असे करत नसतात' एवढे स्नेहाने सांगितले होते. लोक त्या भांडणातल्या दोघांना ओळखतात. माझ्या मते त्या दिवसांत सर्वांत उपयोगी काम त्या तिसऱ्याने केले.

तिसरा नेहमी असाच भेटतो असे नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांनी प्रोग्रॅमला एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायला लावणाऱ्या 'गो टू' या आज्ञेविरुद्ध जे टिपण पाठवले होते त्याचे मूळ शीर्षक अगदी सौम्य होते. मार्च १९६८ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात ते संपादकाला पत्र म्हणून छापले गेले तेव्हा संपादक निक्लाउस विर्थ यांनी त्याला 'गो टू स्टेटमेंट कन्सिडर्ड हार्मफुल' हे नाव दिले. ते नाव इतके चिकटले, की १९८७ मध्ये त्याच नियतकालिकात त्या 'हार्मफुल'लाच हानिकारक ठरवणारे पत्र आले. आपल्याकडे टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले आणि पुढे 'केसरी' आणि 'सुधारक' समोरासमोर उभे राहिले, पण आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे पुणेकर हे तिसरेच होते.

मतभेद मिटावा लागतो असेही नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील एका संस्थेच्या अध्यक्षाने लिनक्स हे मिनिक्सवरून उचलले असावे असे सुचवायला सुरुवात केली. जुना राग काढायला याहून सोयीची वेळ मिळाली नसती. टॅनेनबॉम यांनी मात्र स्वच्छ लिहिले, की लिनक्स टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिहिले आहे. आणि आराखड्याबद्दलचे आपले मत तसूभरही बदललेले नाही, हेही त्यांनी तिथेच नोंदवून ठेवले. टोरवाल्ड्स यांची जीभ मात्र पुढेही अनेकांना लागत राहिली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांवर केलेल्या वैयक्तिक हल्ल्यांबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे काम बाजूला ठेवले. दोन दिवसांत आलेली माफी आणि सव्वीस वर्षांनी आलेली माफी यांच्या मध्ये अशी किती पत्रे लिहायची राहून गेली असतील, हा विचार मला सुटत नाही.

आता माझे. धाकट्याचा तो तिसरा परिच्छेद मी वाचला तेव्हा मला हसू आले होते. थोरल्यांनी एकदा भर सभेत माझ्या एका आराखड्याची पिसे काढली होती, ते मी विसरलेलो नव्हतो. मी आवडल्याचा अंगठा दाखवला, परिच्छेदाचा फोटो काढला आणि 'आठवणी लिहाव्यात' या शब्दांखाली लाल रेघ ओढून तो चौघांना पाठवला. दोघांनाही मी वीस मिनिटांत गाठू शकलो असतो, एक पौड रस्त्यावर राहतो आणि दुसरा बाणेरला, तरी तीन आठवड्यांत मी कुणालाच फोन केला नाही. रोज संध्याकाळी पुढचे उत्तर आले का, हे मात्र न चुकता पाहिले.

संध्याकाळी धाकट्याला फोन केला. मुद्दा पहिल्या दोन परिच्छेदांतच पुरा झाला होता, तिसरा नसता तरी चालले असते, असे मी त्याला जमेल तितक्या मऊपणे सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण सर, पहिला अंगठा तुमचाच होता. तो बघून मला वाटलं, बरोबर लिहिलंय."

मला उत्तर सुचले नाही. मी सभेच्या वेळेबद्दल काहीतरी बोललो आणि त्यानेच "बघतो सर, काय करता येतं ते" म्हणून विषय थांबवला.

उद्या सकाळी थोरल्यांकडे जाणार आहे; हे फोनवर बोलण्यासारखे नाही. पत्रकातून त्यांचे नाव मी अजून काढलेले नाही. त्या लाल रेघेबद्दल त्यांना आपणहून सांगायचे की नाही ते ठरत नाही, आणि ज्या चौघांना मी तो फोटो पाठवला त्यांतल्या दोघांनी तो पुढे पाठवला आहे, हे मला ठाऊक आहे.