फ्लॅशने चकवलं

जुन्या बक्षीस समारंभाची टेप मध्यंतरी संगणकावर उतरवून घेतली. सलग दोन तासांची एकच फाइल. हाताने तुकडे पाडायचा कंटाळा, म्हणून ती पायसीनडिटेक्ट या व्हिडिओचे तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली केली. नाव ‘सीन’चं असलं तरी हे हत्यार शोधतं शॉट, म्हणजे कॅमेऱ्याने न तुटता टिपलेला एकेक तुकडा. प्रसंग कुठे संपला हे त्याला कळत नाही, फक्त चित्र कुठे तुटलं ते कळतं.

पद्धत साधी आहे. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये रंगछटा, रंगाची गडदता आणि उजेड सरासरी किती बदलला त्याचा आकडा काढायचा आणि तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तिथे कट. ही मर्यादा मुळात २७ असते. मी ती तशीच ठेवली आणि यादी आली ती मारुतीच्या शेपटासारखी!

उघडून बघितलं तर बहुतेक कट खोटे. विजेता मंचावर आला की फोटोग्राफरचा फ्लॅश उडायचा, एकदोन फ्रेम पांढऱ्याफटक व्हायच्या आणि बिचाऱ्या प्रोग्रॅमला वाटायचं, शॉट बदलला. किमान लांबीच्या अटीमुळे जवळजवळचे दोन कट एक होतात, पण तो एक उरतोच. शेवटी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: संशयित कटाच्या आधीची फ्रेम आणि नंतरची पाचवी फ्रेम ताडून बघायची. दोन्ही सारख्या असतील तर तो फ्लॅश.

खरे चुकार निघाले ते डिझॉल्व्ह. एक चित्र विरत दुसरं उमटतं, तेही सेकंदभर. २५ फ्रेममध्ये एकूण फरक ६० धरला तरी दर फ्रेमच्या वाट्याला जेमतेम अडीच येतो. २७ च्या आसपासही नाही. मर्यादा खाली आणावी तर कॅमेरा नुसता वळला तरी कट पडतात. यावरचा तोडगा १९९३ सालीच झांग, कंकणहळ्ळी आणि स्मोलियर यांनी मांडला होता: दोन मर्यादा ठेवायच्या. छोटी ओलांडली की फरकांची बेरीज सुरू करायची, ती मोठीच्या पलीकडे गेली की बदल पक्का. माझ्या टेपेवर ही युक्ती बऱ्यापैकी चालली. कॅमेरा सावकाश फिरतो तिथे अजून फसते.

फ्लॅशची यादी खोडणार होतो, पण राहू दिली. प्रत्येक विजेता नेमका कोणत्या मिनिटाला मंचावर आला, ते तिच्यात आयतंच सापडतं.